बारावा हप्ता

अकरा महिने भिशी फिरली
साडीत, मिक्सरमध्ये, कुणाच्या पोराच्या फीमध्ये.
बाराव्याचे पैसे फिरायला, असं ठरलं
उत्तरेश्वर पेठेत, शालन डकऱ्यांच्या जिन्यावर.
जिन्यावर अशासाठी, की आत त्यांचे सासरे
क्रिकेट बघत होते.

महाबळेश्वर नको, ते नवऱ्यांबरोबर जाऊन झालंय.
गोवा नुसतं म्हटलं तरी घरात भांडी आपटतात.
रझिया म्हणाली, चांदोली.
डोंगर आहे, धरण आहे, जंगल आहे सरकारी,
आणि कुणी आजारी पडलंच
तर रात्रीतनं माघारी येता येतं.
आम्ही निघालो की घरात कुणीतरी पडतंच.

फोन करायचं काम माझ्याकडे.
बालवाडीत शिकवते, म्हणून माझं मराठी शुद्ध.

विश्रामगृहाचा फोन तीन दिवस नुसता वाजला.
चौथ्या दिवशी उचलला: खोल्या राखीव आहेत,
साहेबांचे पाहुणे येणार आहेत.
कुठले साहेब?
ते अजून ठरलेलं नाही.

रिसॉर्टवाल्यानं पोहायच्या तळ्याचा फोटो पाठवला,
त्यात कोपऱ्यात थोडासा डोंगर.
एका रात्रीचे सांगितले ते ऐकून
शालननं फोनच माझ्या हातातनं घेतला आणि ठेवला.
तंबूवाला म्हणाला, मॅडम, अनुभव असतो तो.
आणि संडास?
तोही अनुभवच.

मग सापडला पायथ्याच्या गावातला सुजित.
दोन खोल्या, सात गाद्या, तांदळाची भाकरी,
रश्शाला तिखट तुम्ही सांगाल तेवढं.
आम्ही सांगू तेवढं नको बाबा, म्हटलं,
कोल्हापूरहून येतोय, तुम्हीच घाबराल.
घोरणाऱ्या दोघी एका खोलीत टाकल्या,
पित्ताच्या गोळ्या रझियानं घ्यायच्या,
स्वेटर ज्याचा त्यानं.

ठकूताई बोडके यात कुठंच नव्हती.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी पिळते,
पहाटे तीनला उठते,
जिन्याच्या कठड्याला टेकून तिचा डोळा लागलेला.

उगाच विचारायचं म्हणून मी विचारलं,
फोन मोठ्या आवाजावर होता,
आत जंगलातच राहायला नाही का मिळत?
'न्हाई मावशी. सांजचं गेट बंद.
आत माणसानं रात्र काढायची न्हाई. कायदाच हाय तसा.'

'मी एकोणीस वर्षं काढल्यात,'
ठकूताई म्हणाली,
डोळे मिटलेलेच.

आतल्या टीव्हीवर कुणीतरी आउट झालं.
आम्ही सहाही जणी तिच्याकडे बघत होतो,
अकरा महिने हिच्याबरोबर चिठ्ठ्या काढल्या
आणि एकदाही विचारलं नव्हतं, ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या.

तिनं फोन माझ्या हातातनं घेतला,
आरशासारखा तोंडासमोर धरला.
'ए पोरा, आंबेखोलाच्या वरल्या अंगाला
जांभळीखाली जोतं हाय का रं अजून?'
सुजित जरा थांबला. म्हणाला,
'जोतं हाय. घर न्हाई.
दुपारचं गवं बसत्यात त्येच्यावर.'
'किती?'
'असत्याल आठ-धा.'

ठकूताईनं मान हलवली,
नेहमीचं गिऱ्हाईक पावशेर जादा मागतं
तेव्हा हलवते, तशी.
'बसूंदेत. कोरडी जागा हाय ती.
पावसात सुदिक कधी वल धरली न्हाई.'

काल फॉर्म भरले. सात नावं, सात आधार कार्डं.
भेटीचं कारण: पर्यटन, अभ्यास, इतर.
सहा वेळा पर्यटनवर खूण केली,
सातव्याला माझं पेन रेंगाळलं.
ती समोरच बसली होती, किटली पायाशी.
म्हणाली, 'लिव्ह की काय बी.
त्येच्यापरास ह्ये बघ,
दोन दिस माझ्या म्हशी कोण बघंल?'

तर आता परत फोन चालू आहेत.
आमच्या सात जणींची सोय झाली,
तिच्या तीन म्हशींची राहिली आहे.
कसबा बावड्यातला एक जण तयार आहे,
पण त्याला एक म्हैस लाथाडते म्हणे.