अजून एक जीप

मी पालिकेचा शिपाई, अडीनडीला ड्रायव्हर.
दारातल्या फळ्यावर नळाची वेळ लिहायचो.
त्या उन्हाळ्यात लोटन आण्णा म्हणाले,
वेळ पूस. दिवस लिही.

तापीच्या जॅकवेलमध्ये आमची सात माणसं कोंडलेली.
दाराला बाहेरून साखळी,
साखळीशी अख्खं गाव बसलेलं.
मागणी एकच: आमच्या जमिनीचे पैसे खाल्ले
तो जुना अध्यक्ष हवाली करा.
जुना अध्यक्ष नाशकात, नाकात नळ्या.
गाडी आण्णांनीच करून दिली होती.
"मरत्या माणसाला दारातून हाकलू?"
एवढं म्हणून चहा तसाच परत पाठवला.

आखाजीला पालिकेच्या निंबाला झोका बांधू दिला नाही.
माहेरी आलेल्या पोरी रिकामी फांदी बघून गेल्या.
पंपवाल्याची आई रोज पायरीवर:
"पोर्‍या उना का?"
आण्णा तिच्याशेजारी बसायचे,
उत्तर नसलेल्या माणसासारखे.
टपालानं बांगड्या आल्या, हिरव्या, डझनभर.
सही करून मीच घेतल्या.

तेविसाव्या रात्री तीन जीपा निघाल्या,
दिवे बंद, नंबरांवर चिखल.
नकाशा जकातीच्या पावतीमागं काढलेला.
एक जीप वाळूत उतरतानाच बसली.
मग वावटळ. स्वतःचा हात स्वतःला दिसेना.
आण्णांनी वायरलेसवर सांगितलं, फिरा.
फिरताना दुसरी जीप
डिझेलच्या ट्रॅक्टरवर गेली.
केळीच्या बागांवर इतका उजेड पडला
की पानन् पान मोजता आलं असतं.

हिलाल. रुबाब तडवी.

साखळीपर्यंत कुणी पोचलंसुद्धा नव्हतं.

सकाळी रिक्षावर भोंगा लावून
आण्णा स्वतः गल्लीगल्लीत फिरले.
"हुकूम माझा होता."
पुढचं वाक्य लिहून आणलेलं होतं, ते वाचलं नाही.
मी फळ्यावर चोवीस लिहिलं.
मेलेले कुठं लिहायचे, कुणी सांगितलं नाही.

निवडणुकीत पडले. स्वतःच्या वॉर्डातही.
एकेचाळिसाव्या दिवशी नव्या अध्यक्षानं
खुर्चीला हार घातला,
त्याच तासाला तिकडं साखळी सुटली.
कुणाचं कुणाशी काय ठरलं होतं, देव जाणे.
सात जण ट्रकमधून उतरले. गुलाल नव्यांच्या अंगावर.
आण्णा स्टँडच्या भिंतीशी उभे,
काखेत सात कोरे टॉवेल.
पंपवाल्यानं तेवढा एक घेतला.

आता कुणाचं घर पडलं की थापी घेऊन जातात.
परवा हिलालच्या घराची मागची भिंत उचलत होतो,
ते विटा लावत, मी माल कालवत.
एकदम म्हणाले,
"अजून एक जीप असती ना, तर..."

चौथीची चावी माझ्या खिशात होती त्या रात्री.
क्लच गेलाय, असं मीच सांगितलं होतं.

सुपडाबाईनं पुढची वीट उचलली,
आण्णांच्या हातात दिली.
"मंग आखो एक डायवर ना, आण्णा?"

मी मालात पाणी टाकलं.
जास्त झालं.