पोर्ट नंबर चार

मारेगावच्या अलीकडे, रोडला लागून जिनिंग.
काट्याच्या खोलीत, खुर्चीमागे
भिंतीला टांगलेली पत्र्याची पेटी.
उघडली, तर स्विचला सरकीसारखी लव आलेली.
ब्रशनं झाडली. चोवीस भोकं.
चौथ्यात काट्याचा कॉम्प्युटर.

मागच्या हप्त्यात या चौथ्यात
कोणीतरी आपला लॅपटॉप लावून गेलं.
त्या दिवशी प्रत्येक गाडी
वीस-वीस किलोनं हलकी भरली.
कोण, ते शेठ सांगत नाहीत.
मीही विचारलं नाही. माझ्या कागदावर
फक्त लिहिलंय: पोर्ट बंद करणे.

"बंद नाही करायचं," मी म्हणते,
"त्याला ओळख शिकवायची."
भिवसन तोडासे, काटेवाले, एकोणीस हंगाम.
"या डबड्याले? ओळख?"
"हाव."

टाइप करते: मॅक्सिमम एक.
एकाच यंत्राला जागा.
मग स्टिकी. म्हणजे जो पहिला बोलेल
त्याचं बारा अक्षरांचं नाव
बाभळीच्या डिंकासारखं धरून ठेवायचं.
आणि इथं हात थांबतो.
स्विचला खरं-खोटं कळत नाही,
कळतं फक्त पहिलं.
त्या दिवशी शिकवलं असतं
तर त्यानं त्या लॅपटॉपचीच राखण केली असती,
इतक्याच इमानानं,
आणि काट्याच्या कॉम्प्युटरला हाकललं असतं.

म्हणून केबल मुठीत धरून
टेबलाखालून, उंदरांनी कुरतडलेल्या पट्टीतून
गुडघ्यांवर जाते, टोकापर्यंत.
हाच. हाच ना? हाच.
एंटर.

नियम मोडणाऱ्याचं काय करायचं, तेही सांगावं लागतं.
गुपचूप परतवता येतं,
परतवून नोंद ठेवता येते,
नाहीतर सरळ दारच बंद.
दार बंद, मी म्हणते,
आणि माझाच लॅपटॉप चौथ्यात खुपसते.
हिरवा दिवा गेला.
जिनं आत्ताच शिकवलं, तिलाही नाही.
बरं वाटलं.

"आन् तुमीच रात्री येऊन खोललं तं?
पासवर्ड तं तुमच्याजवळच हाय."
काका सहज विचारतात, चष्मा पुसत.
मी काट्याची केबल परत लावते,
दार उघडते, सेव्ह करते;
नाहीतर लाइट गेली की सगळं विसरेल हा.
उत्तर राहूनच जातं.

शेवटची एसटी गेलेली.
कापूस उतरवून एक ट्रॅक्टर मारेगावकडे निघालेला,
पोरगा म्हणाला, बसा.
बसले ट्रॉलीत. ट्रॅक्टर काट्यावर चढला, थांबला.
खिडकीतून हात:
"उतरा मॅडम. तुमचं वजन गाडीत धरल्या जाईन,
मंग ते याच्या कापसातून कटन."

उतरते.
ओट्यावर उभी राहते, केसांत रुई.
लाल आकडे हलतात, हलतात,
ठरतात.
"हं. आता बसा."