सदतीस

मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
नातीएवढ्या डॉक्टरीणबाईनं
संमतीची चौदा पानं वाचून दाखवली.
म्हटलं, वाच बापा, सावकाश वाच;
वीस वर्षांची साखर माझी, तिला कुठली घाई.

डब्या दोन. एकीत औषध, एकीत नुसता खडू.
कोणाला कोणती, तिलाही ठाऊक नाही.
ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर
पहिल्यांदा भेटला, म्हणून सही केली.
उदाराम पराते गेले, क्रमांक सदतीस उरला.

या पायानं चाळीस वर्षं मागाची पावडी दाबली.
आता चप्पल निसटते, आणि
गोळीबार चौक येईपर्यंत कळत नाही.
गेल्या मे महिन्यात गच्चीवर तळवा भाजला;
फोड शेवंतानं पाहिला, मी नाही.

ती म्हणते, "खडूच हाय तो. काहून खाता रोज?"
मी खातो. दोन्ही वेळा,
खरी असल्यासारखी.

उपाशीपोटी रक्त दिलं की फाटकापाशी तर्री-पोहे,
तर्री कमी टाक म्हणत, वाटी पुढे करत.

काल दुपारी अंगणातल्या फरशीवर
डावा अंगठा जरासा चटकला.
औषध, की पायाची जुनी आठवण?
वहीच्या रकान्यात लिहिलं : पोळलं.
आणि पुन्हा जाऊन उभा राहिलो तिथंच,
शेवंता ओरडेपर्यंत.