उजवं कोपर

अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना, खोली नंबर अकरा.
पंखा फिरतो, पण वारा नर्सबाईंच्या टेबलापर्यंतच.
जुलेखाबी फुलारी, वय बावन्न
("पन्नास लिहा की"),
प्लास्टर परवा काढलं.
हाताला अजून चुन्याचा वास, त्याखाली झेंडूचा.

मी कोनमापक काढते. दोन पात्यांचा, आरपार दिसणारा.
"शाळेतला हाय का गं ह्यो?"
तसलाच.
खिळा कोपराच्या बाहेरल्या हाडावर,
एक पातं खांद्याकडं, ते हलवायचं नाही,
दुसरं मनगटाकडं, ते तुमच्या हातासोबत येईल.
वाकवा आता.

पंच्याण्णव.
तिथं अडतं, दाराआड कुणी पोतं ठेवल्यासारखं.
खांदा हळूच वर येतो मदतीला.
मी त्याला खाली बसवते, असली मदत वहीत चालत नाही.
पुन्हा. त्र्याण्णव. पुन्हा. पंच्याण्णव.
आता सरळ.
सरळ होता होता पस्तीस अंश हवेतच राहतात.
"दुखायलंय का?"
"न्हाई."
ओठ मात्र पांढरे.

मग ती विचारते
जे पुस्तकात कुठंच नव्हतं:
"हाताची लांबी तर तेवढीच ऱ्हायली ना, पोरी?"

तीस वर्षं देवीच्या गल्लीत
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत दोरा ताणून
गजरे मोजले तिनं, हार मोजले,
नव्या रिक्षांचे, सत्कारांचे,
दर्ग्यावरच्या चादरीच्या कडा.
समोरचा शिवलिंग स्वामीसुद्धा
आपला दोरा तिच्याच हातावर मोजून न्यायचा.
त्या हाताला माप लावणारी मी पहिलीच.

टेप आणला. उजवा, मग डावा.
डावा बोटभर कमी निघाला.
"म्हंजे ह्यो पैल्यापासूनच खोटा,"
ती डाव्याकडं बघून म्हणाली.

तीन आठवडे आली.
एकशे दोन, एकशे आठ, एकशे अकरा.
मग नवरात्र लागलं
आणि वहीतले पुढचे रकाने कोरे.

अष्टमीला त्या गल्लीतून गेले.
दोरा डाव्या हातावर ताणत होती,
माप झालं की वर बोटभर आणखी सोडायची,
गिऱ्हाइकाला न सांगता.
उजवा मांडीवर, सुई धरून.
मग माशी हाकलायला तो उठला,
कपाळापर्यंत गेला, खाली आला.
मी रस्त्यापलीकडून डोळ्यांनीच खिळा लावला.
एकशे वीस?
का खांदा उचलला होता,
तेवढ्यात मध्ये रिक्षा आली.