बस

फेब्रुवारीत टोलेडोची नदी थिजते,
गॅरेजात रॉकेलची शेगडी नुसतीच हुंकारते.
सत्तर सालची नोव्हा घोड्यांवर चढवलेली,
मागची चाकं काढलेली,
ॲक्सलच्या पोटाचं झाकण बाजूला.

कॅझ ओल्शेव्स्की, वय एकोणऐंशी,
एकतीस वर्षं ॲक्सलच्याच कारखान्यात, दुसरी पाळी.
आता डायलची सुई नाचते
की त्याची बोटं, कळत नाही.
म्हणून मला हाक, कुंपणावरून:
तू दात बनवतेस ना?

बनवते. सांगलीत शिकले, इथे लॅबमध्ये
दिवसाला चौदा कॅप घासते
कधी न पाहिलेल्या तोंडांच्या.
म्हटलं, गाडीतलं मला काही कळत नाही.
तो म्हणाला, दातच आहेत. बघ.

खरंच दातच.
कुंचल्याने पिवळा लेप लावला,
चक्र फिरवलं पुढे, मागे,
आणि चावा उमटला.
खोल. पार मुळाशी.
असा चावा दिला तर माणूस आठवड्यात
जबडा धरून परत येतो.
पिनियन फार आत घुसलंय, मी मराठीतच पुटपुटले.
त्याला समजलं.
बेअरिंग पुन्हा उपसलं, तिसऱ्यांदा,
मागची चकती बदलली,
आधीचीपेक्षा अर्ध्या केसाने पातळ.
पुन्हा लेप.
आता डाग दाताच्या मधोमध,
लांबट, गव्हाच्या दाण्यासारखा.

दोन दातांत फट ठेवायची असते.
तो म्हणतो, इंचाचे हजार भाग कर, त्यातले आठ.
मी म्हणते, आमच्या चावा बघायच्या
निळ्या कागदाएवढी.
दोन्ही मापं एकच निघाली
तेव्हा त्याने कॉफी ओतली.
गच्च बसवलं तर तापून जळतं, म्हणाला,
सैल सोडलं तर रात्रंदिवस कण्हतं.
हे तो गिअरबद्दल बोलत होता.
आयरीनबद्दल नंतर बोलला.

मग पाट्यांखाली पाचर.
नाक दोन अंश खाली हवं.
जोर आला की ॲक्सल आपणच नाक वर करतो,
आधीच ताठ ठेवलास तर
उचलणार कुठे?

मी पाना घेतला, पाट्यांचे बोल्ट आवळायला.
"बस," तो म्हणाला.
एवढा एकच शब्द त्याने माझ्याकडून उचललाय,
मी कॉफीच्या कपावर हात धरते तेव्हाचा.
हवेत लटकताना आवळलंस
तर आतलं रबर जन्मभर पिळलेलं राहतं.
आधी जमिनीवर येऊ दे.
स्वतःचं वजन घेऊ दे. मग.

चाकं चढवली. जॅक सोडत गेलो, जरा जरा.
मागचा भाग उतरला, कुरकुरला,
पाटे सपाट होत गेले,
डावी बाजू मात्र बोटभर वरच अडली.
कॅझ वाकला. डिकीवर तळहात टेकला,
थरथरता,
आणि पुन्हा म्हणाला, "बस."
या वेळी मला नव्हे.
या शब्दाचा दुसरा अर्थ
मी त्याला कधी सांगितला नव्हता.

गाडी बसली.

मी पाना घेऊन खाली सरकले.
फरशी पाठीला गार लागली,
खांद्यांपासून टाचांपर्यंत, सगळी.
सहा बोल्ट होते.