आधी ठिणग्या

उद्यमबागेत नवी भट्टी उतरली,
तिच्यामागून अकरा दिवसांसाठी ल्यांग आला.
मेसचा भात त्याला चालला,
ठेचा एकदाच.

पॅनेलवर लाल चौकटीत एक खूण होती.
भरमाण्णा म्हणाला, खेकडा.
मी म्हटलं, पळत सुटलेला माणूस.
सुपरवायझर म्हणाला, तिला हात लावू नका म्हणजे झालं.

जेवणाच्या सुट्टीत मी ल्यांगला खूण दाखवली.
तो उकिडवा बसला, साच्याची काळी वाळू तळव्यानं सपाट केली
आणि बोटानं चार फटकारे.
उच्चार विचारला. म्हणाला, ह्वो.
आवाज आडात उतरून वर आल्यासारखा.
मला वाटलं, हो म्हणतोय.
मीही हो म्हटलं. तो परत ह्वो.
असं बराच वेळ आमचं एकमत चाललं होतं.
मग त्यानं भट्टीकडे बोट केलं.

मी काढून दाखवलं: आधी माणूस, दोन पाय फाकून उभा,
मग अंगाबाजूला दोन ठिपके.
दिसायला हुबेहूब.
ल्यांगनं तळव्यानं पुसून टाकलं.
आधी डावी ठिणगी. मग उजवी.
माणूस नंतर.
का, म्हणून हातवारे केले
तर त्यानं गुडघ्याएवढी उंची दाखवली, मग छडी मारल्याचा आवाज काढला.
म्हणजे गुरुजी.
ते मला लगेच कळलं.

मग त्याला माझं अक्षर हवं झालं.
मी वाळूत 'आग' लिहिलं.
यानं आधी आडवी रेघ ओढली
आणि तिला अक्षरं अडकवायला लागला, दोरीवर कपडे घालावे तशी.
मी पुसलं. रेघ शेवटी, बाबा.
का?
मी गुडघ्याएवढी उंची दाखवली.

भरमाण्णा हसत होता. त्यानं 'बेंकी' लिहिलं गोल गोल,
म्हणाला, आमच्यात रेघबिघ नाही,
ज्याची टोपी त्याच्या डोक्यावर.
एका परातीएवढ्या वाळूत तीन विस्तव.
भोंगा झाला, फावड्यानं ओढून घेतले,
त्याच वाळूत पंपाची झाकणं ओतली.

ल्यांग गेला.
मी रोज एकदा तरी काढायचो,
शर्टाच्या आत पोटावर, सायकलच्या धुळकट सीटवर,
मजगावच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत.
हात बरोबर चालायचा. खरं, का ते कळत नव्हतं.

नंतर एका पाळीला
भट्टीत कुठला तरी ओला भंगार पडला.
मी बाहेरून येत होतो, उन्हातून, काही दिसत नव्हतं.
आधी डाव्या अंगाला ठिणग्या.
मग उजव्या.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
मधे पाय फाकून उभा भरमाण्णा,
सळई हातात, शिव्या कन्नडमधून.
त्याच्या बाहीला तीन भोकं पडली, बाकी काही नाही.
मी तिथंच थांबून
बोटानं हवेत पूर्ण केलं.
तो ओरडला, मास्तर झालास काय, हो बाजूला!

त्या संध्याकाळी माझ्या साच्यात
जिथं जादा लोखंड भरतं त्या खड्ड्याच्या कडेला
मी ते अक्षर दाबलं.
आम्ही साच्यात उलटं लिहितो, लोखंडात ते सुलटं येतं.
सव्वीस वर्षं कंपन्यांची नावं मी उलटीच वाचलीत.
हे उलटं करायला घेतलं आणि बघत बसलो:
ठिणग्यांनी जागा बदलली,
माणूस होता तसाच.

सकाळी साचा फोडला.
अंगठ्याएवढं, खरबरीत, अजून कोमट.
भरमाण्णानं उचलून बघितलं,
खेकडा, म्हणाला,
आणि हातोड्यानं तो तुकडा पाडून
बाकीच्या भंगाराबरोबर
भट्टीत टाकला.