बाराशे खुर्च्या

मानवतच्या मोंढ्यामागं माझं गोदाम.
पत्र्यावर लिहिलंय, मुनीर मंडप डेकोरेशन,
बारशापासून तेराव्यापर्यंत, मध्ये जाहीर सभा.
सगळं राज्य एका खुर्चीसाठी भांडायलंय
आणि माझ्याकडं बाराशे पडून आहेत.

लाल प्लास्टिकच्या. पाठीवर पांढऱ्या रंगात मु. मं.,
चोरीला जाऊ नयेत म्हणून.
तरी जातात. मागच्या झेडपीला एकोणचाळीस गेल्या.
त्यातली एक सापडली नगरपालिकेत,
पाणीपुरवठा विभागात.
तिच्यावर बसलेले साहेब म्हणाले, पुरावा?
मी म्हणलं, तुमच्या पाठीमागंच लिहिलंय.
ते काही वळले नाहीत.

आमच्या नळाला अकराव्या दिवशी पाणी येतं,
उमेदवार पाचव्या वर्षी.
त्यामानानं नळ बरा.

सभेला माणूस कमी पडला की
इरफान कानात विचारतो, मामू, किती काढू?
मागच्या सहा ओळी उचलायच्या,
उरलेल्या ऐसपैस मांडायच्या,
की पाचशे डोकी दुसऱ्या दिवशी पेपरात
पाच हजार होतात.
कडेला विरोधकांचा पोरगा उभा असतो,
रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढायला.
त्यालाही चहा पाजतो मी.
परवा ह्याच खुर्च्या त्याच्याकडं जायच्यात.

आता प्रल्हादआण्णा झिंजाड्यांचं ऐका.
सकाळी अकराला, त्रेचाळीस डिग्रीत,
माईक हलेपर्यंत ओरडले,
मरेन, पण हा झेंडा सोडणार नाही!
दुपारी परभणीहून फोन आला.
साडेचारला आण्णांचा माणूस धावत गोदामात,
मुनीरभाई, मंडप सोडू नका,
फक्त मागचं कापड बदला.
संध्याकाळी आण्णा नव्या कापडापुढं उभे.
मेलेले नव्हते. मी स्वतः बघितलं,
स्टेजमागं मिरचीची भजी खात होते.

माणसं तीच, टाळ्याही त्याच,
घामानं खुर्चीला चिकटलेली पब्लिक उठलीच नव्हती.
सकाळी डोक्याला दोनशे होते, संध्याकाळी अडीचशे.
पहिल्या ओळीतली कौसाबाई मला म्हणाली,
बघ बाबा, विचारात पन्नासचा फरक पडलाच की.

बिल झालं अठ्ठावन्न हजार.
सकाळचा पक्ष म्हणाला, माणूस गेला, बिल त्याच्यासंगं गेलं.
संध्याकाळचा म्हणाला, तो सकाळी आमचा नव्हता.
आण्णा निवडून आले.
मी हार घेऊन गेलो, हाराच्या पिशवीत बिल.
दीड तास उभा होतो.
आण्णांचं लक्ष गेलं, तोंडभरून म्हणाले, बसा ना मुनीरभाई!
कुठं, ते सांगितलं नाही.
बाराशे खुर्च्यांचा मालक मी,
भिंतीला टेकलो.

मतदानाला मात्र चुकत नाही.
शाळेच्या बूथवर म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या फुकट देतो,
त्या चारही परत येतात, हे नवल.
बोटाला शाई लावून घेतो.
पुसत नाही दहाबारा दिवस,
म्हणजे पुढचं पाणी येईपर्यंत.
कुणाला दिलं ते विचारू नका.
ज्याच्याकडं माझी बाकी कमी त्याला दिलं,
एवढंच धोरण कळलंय मला.

तेराव्याचे पैसे मात्र कुणी बुडवत नाही.
मेलेल्या माणसाचा शब्द
जित्या पुढाऱ्यापेक्षा चालतो बाजारात.

रात्री ट्रक येतो. इरफान मोजतो,
एकात एक घालून पंचवीसची चळत करतो.
खुर्ची खुर्चीत अशी बसते की
मध्ये माणसाला जागाच राहत नाही.
एक राहते बाजूला, पाय तडकलेली,
तिला तारेनं बांधलंय.
ती कुणाच्याच सभेला जात नाही.
तिच्यावर मी बसतो, जरा जपून,
आणि इरफान विचारतो,
मामू, उद्या कोणतं कापड?

मी म्हणतो, दोन्ही घे.